वर्षाला दोन प्रदर्शनं पुरेत

विद्यापीठाच्या कलादालनाचा विषय निघतो तो बहुतेक वेळा अंदाजपत्रकाच्या बैठकीत, आणि तिथेच त्याचा विचका होतो. एक बाजू विचारते, वर्षभरात प्रदर्शनं किती झाली, माणसं किती आली, माणशी खर्च किती पडला? दुसरी बाजू या आकड्यांना भिडतच नाही; ती संस्कृती, सौंदर्यदृष्टी, संवेदनशीलता असे मोठे शब्द पुढे करते. पहिल्यांना वाटतं हे टाळाटाळ करतायत, दुसऱ्यांना वाटतं हे अरसिक आहेत. मग तडजोड निघते: दालन चालू ठेवा, पण ‘गजबजलेलं’ ठेवा. म्हणजे दर पंधरवड्याला नवं प्रदर्शन, आणि मधल्या मोकळ्या तारखांना परिसंवाद, बक्षीस समारंभ, पुस्तक प्रकाशन, जमेल ते. सगळे खूश. पण दालन बंद करण्यापेक्षाही ही तडजोड वाईट आहे, कारण तिच्यात खर्च पूर्ण होतो आणि हाती काही लागत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. विद्यापीठाच्या दालनाने वर्षाला दोनच मुख्य प्रदर्शनं करावीत, दर सत्राला एक, साधारण बारा आठवड्यांचं. वर्षअखेरीला विद्यार्थ्यांचं पदवी-प्रदर्शन. उरलेल्या काळात दाराला कुलूप दिसलं तरी हरकत नाही. आणि या हंगामाचा हिशेब मागायचा असेल, तर दारातल्या माणसांच्या मोजणीऐवजी एवढंच विचारावं: कोणकोणत्या विभागांचे वर्ग इथे येऊन शिकले, आणि त्यांतले किती पुन्हा आले?

आधी पंधरवड्याचं गणित करून पाहू. चौदा दिवसांपैकी दोन दिवस जुनं प्रदर्शन उतरवण्यात जातात. उतरवणं म्हणजे चित्र काढून भिंतीला टेकवून ठेवणं नव्हे. प्रत्येक कामाची स्थिती-नोंद करायची: बाजूने तिरका उजेड टाकून रंगाचे पापुद्रे, कागदाची लाट, फ्रेमचे उघडलेले सांधे तपासायचे, येतानाच्या नोंदीशी ताडून पाहायचे, फोटो काढायचे. चाळीस कामं असतील तर दोन माणसांना यालाच एक दिवस पुरत नाही. मग भिंतीची भोकं भरणं, घासणं, रंग. रंगाचा वास गेला म्हणजे भिंत तयार झाली असं समजणारे पुष्कळ असतात. प्रत्यक्षात आतला ओलावा आणि वाफा आणखी काही दिवस निघत राहतात आणि काचेच्या फ्रेममागे कोंडतात. बाहेरून आलेल्या पेट्या आल्या आल्या उघडायच्या नसतात, निदान चोवीस तास दालनाच्या हवेत तशाच राहू द्याव्या लागतात. नाहीतर थंड-कोरड्या पेटीतल्या लाकडाला नि कागदाला एकदम दमट हवा लागते आणि ताण बसतो. त्यानंतर टांगणं. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४८ सेंटिमीटरवर धरला, चित्राची उंची ९० असली आणि मागची तार ओढल्यावर वरच्या कडेपासून ८ सेंटिमीटर खाली येत असली, तर हुक १४८ अधिक ४५ वजा ८, म्हणजे १८५ सेंटिमीटरवर. प्रत्येक कामाला एकाऐवजी दोन हुक, म्हणजे कोणी धक्का दिला तरी चित्र तिरकं होत नाही. दिव्यांची दिशा सगळ्यात शेवटी, कारण चित्र जागेवर आल्याशिवाय काचेतली चकाकी कळत नाही.

हे सगळं नीट केलं तर पंधरवड्यातले सहा-सात दिवस प्रेक्षकांसाठी उरतात. घाईत उरकलं तर दहा. आता प्राध्यापकाच्या बाजूने बघा. त्याने आधी स्वतः प्रदर्शन पाहायचं, कोणत्या कामावर तास घेता येईल ते ठरवायचं, वेळापत्रकात जागा शोधायची, वर्ग आणायचा, आणि त्या तासातून निघालेल्या प्रश्नांसाठी वर्ग पुन्हा आणायचा. आठवड्याला एक-दोन तास असलेल्या विषयात याला चार-पाच आठवडे सहज लागतात. म्हणजे पंधरवड्याच्या प्रदर्शनात विद्यापीठाचा मुख्य धंदा, शिकवणं, तो होऊच शकत नाही. होतं ते उद्घाटन. वर्षाला सव्वीस उद्घाटनं, तेच साठ-सत्तर पाहुणे, चित्रांकडे पाठ करून उभे राहिलेले. हजेरीपटावर हा आकडा छानच दिसतो.

यावर एक तांत्रिक आक्षेप आहे आणि तो पक्का आहे. बारा आठवडे प्रदर्शन ठेवलं तर उजेडाने कामं खराब होणार नाहीत का? होतील. कागदावरचे जलरंग, वनस्पतिजन्य रंगांचं कापड, जुने रंगीत फोटो यांचं उजेडाने होणारं नुकसान साचत जातं आणि कधीच भरून येत नाही. प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाच्या शिफारशीत अशा अतिसंवेदनशील वस्तूंसाठी ५० लक्स उजेड (लक्स हे उजेड मोजायचं एकक) आणि वर्षाला १५,००० लक्स-तास, म्हणजे उजेड गुणिले तास, अशी मर्यादा आहे. ५० लक्सने भागलं तर वर्षाला ३०० तास. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाचे आठ तास दालन उघडं असेल तर बारा आठवड्यांत ५७६ तास होतात, जवळजवळ दुप्पट. पण उपायही याच आकड्यात आहे. सहा आठवड्यांचे होतात २८८ तास, म्हणजे १४,४०० लक्स-तास, मर्यादेच्या आत. तेव्हा नाजूक कामांचे दोन संच करायचे आणि सहाव्या आठवड्याच्या शेवटी ते बदलायचे. तैलरंग, दगड, धातू जागच्या जागी राहतात, विषय आणि मांडणी तीच राहते, आणि पहिल्या महिन्यात येऊन गेलेल्या वर्गाला परत येण्याचं कारण मिळतं. बाहेरच्या उन्हातून ५० लक्सच्या खोलीत आलेल्या माणसाला पहिली काही मिनिटं सगळं अंधारलेलं वाटतं आणि तो लगेच तक्रार करतो, हेही खरं. त्यासाठी प्रवेशाजवळच्या भागात मध्यम उजेड ठेवून तिथे प्रास्ताविक फलक लावावा. तो वाचून होईपर्यंत डोळे कमी उजेडाला सरावतात. दिवे वाढवून दिले की काय होतं? वर्गखोलीसारखा ५०० लक्स उजेड केला तर वर्षभराची मर्यादा ३० तासांत, म्हणजे चार दिवसही पुरे होण्याआधी संपते.

आणि नेमका तोच उजेड समारंभांना लागतो. ‘दालन रिकामंच तर असतं, कार्यक्रमांना द्यायला काय हरकत आहे’ असं म्हणणाऱ्यांनी हार्वर्डची गोष्ट ध्यानात घ्यावी. मार्क रॉथको या चित्रकाराने हार्वर्ड विद्यापीठासाठी केलेली पाच मोठी भित्तिचित्रं १९६४ मध्ये तिथल्या होलियोक सेंटर या इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या भोजनकक्षात लावली गेली. मोठमोठ्या खिडक्या, भरपूर ऊन, आणि वापर मेजवान्यांसाठी. रॉथकोने वापरलेला लिथॉल रेड हा लाल रंग उजेडात टिकणारा नव्हता. पडदे ओढून ठेवायचं ठरलं होतं, पण जेवायला बसलेल्या माणसाला खिडकीबाहेरचा देखावा हवा असतो. गडद किरमिजी चित्रं निळसर-फिकट होत गेली, वर जेवणाचे डाग आणि ओरखडे, आणि १९७९ पर्यंत ती सगळी उतरवून कोठारात गेली. यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मोकळी दिसणारी भिंत आणि सोयीची खोली, इतकंच कारण.

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र माझ्या बाजूचा आहे. हार्वर्डच्या संग्रहालयांनी २०१४ मध्ये हीच चित्रं पुन्हा मांडली. कॅनव्हासला रंगाचा थेंबही न लावता, मूळ रंग कसा होता हे जुन्या रंगीत पारदर्शिका (स्लाइड) आणि प्रत्यक्ष नमुन्यांवरून काढलं गेलं, आणि प्रक्षेपकातून चित्राच्या प्रत्येक बिंदूवर तेवढाच हरवलेला रंग उजेडाच्या रूपात टाकला गेला. रोज दुपारी चार वाजता प्रक्षेपक बंद करत, आणि प्रेक्षकांसमोर फिकी पडलेली चित्रं जशी आहेत तशी येत. रसायन, प्रकाशशास्त्र, संगणक, कला-इतिहास आणि ‘दुरुस्ती म्हणजे काय’ हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न, सगळे एका खोलीत. विद्यापीठाच्या दालनाने करायचं काम ते हेच. शहरातल्या खासगी गॅलरीला यात रस नसतो आणि मोठ्या संग्रहालयाच्या दारात इतके विभाग हाकेच्या अंतरावर नसतात.

ही कल्पना नवीही नाही. ऑक्सफर्डचं अॅशमोलियन संग्रहालय १६८३ मध्ये उघडलं तेव्हा त्या इमारतीत वरच्या मजल्यावर वस्तू होत्या, मधल्या मजल्यावर व्याख्यानं होत आणि तळघरात रसायनशाळा होती. बघणं, बोलणं आणि तपासणं एकाच जिन्यावर. कलकत्ता विद्यापीठाने १९३७ मध्ये आशुतोष संग्रहालय काढलं, किंवा १९५० मध्ये भारत कला भवन बनारस हिंदू विद्यापीठाचा भाग झालं, तेव्हाही विद्यापीठांना शोभेची खोली हवी होती असं म्हणता येणार नाही. वस्तू समोर ठेवून शिकवायचं होतं. मधल्या काळात वस्तू राहिल्या, शिकवणं गळालं, आणि आता आपण विचारतो की इथे माणसं का येत नाहीत.

पैशाचा मुद्दा मी झटकणार नाही. वसतिगृहाचं छत गळत असताना, प्रयोगशाळेत उपकरणं नसताना हवामान-नियंत्रित दालन चालवणं ही चैन वाटते, आणि फी भरणाऱ्या पालकाला तसं वाटण्यात काहीच चूक नाही. पण मग सांगा, पंधरवड्याचा हंगाम स्वस्त पडतो का? वाहतूक, विमा, भिंतींचा रंग, छपाई, पाहुण्यांची सरबराई हे खर्च प्रदर्शनामागे होतात, दिवसामागे नाही. सव्वीस वेळा छोटा खर्च करणाऱ्याला तो दिसत नाही इतकंच. विमासुद्धा काम मालकाच्या भिंतीवरून उतरल्यापासून परत तिथे लागेपर्यंतचा घ्यावा लागतो, आणि जोखीम सर्वांत जास्त असते ती उचल-ठेव आणि प्रवासात. काम भिंतीवर शांत टांगलेलं असताना नव्हे. प्रदर्शनं कमी केली की खर्चही घटतो आणि तुटफूटही.

दालन मोडून पैसा उभा करायचा हा मार्गही करून पाहिलेला आहे. जानेवारी २००९ मध्ये आर्थिक मंदीत सापडलेल्या अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाच्या विश्वस्तांनी आपलं रोझ कलासंग्रहालय बंद करून संग्रह विकायचा ठराव केला. विद्यार्थी, प्राध्यापक, देणगीदार सगळे उठले, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०११ मध्ये विद्यापीठाला तडजोड करून विक्रीचा बेत सोडावा लागला. संग्रहालय आजही उघडं आहे. देणगी म्हणून मिळालेली वस्तू म्हणजे बँकेतली ठेव नव्हे, ती अटींसकट येते. एकदा विकली की पुढची वीस वर्षं त्या विद्यापीठाला कोणी काही द्यायला धजत नाही. गळक्या छतासाठी हा तोडगा महागच पडतो.

‘आमच्या विद्यार्थ्यांना चित्रकार थोडंच व्हायचंय?’ या प्रश्नाला मात्र सबुरीने उत्तर द्यायला हवं, कारण विज्ञान आणि वाणिज्य शाखांतून तो प्रामाणिकपणे विचारला जातो. येल विद्यापीठातल्या वैद्यकीय शिक्षकांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना तिथल्या ब्रिटिश कला केंद्रात नेलं. प्रत्येकाला एक चित्र नेमून दिलं आणि निष्कर्ष न काढता फक्त जे दिसतंय ते सांगायला लावलं. रुग्णांच्या छायाचित्रांवर नंतर चाचणी घेतली तेव्हा नेहमीचं शिक्षण घेतलेल्या गटापेक्षा या विद्यार्थ्यांना तपशील जास्त टिपता आले. हा अभ्यास २००१ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. चित्रच का, थेट रुग्णांचे फोटो का नाहीत? कारण त्वचेवरचा डाग दिसला की शिकाऊ डॉक्टर रोगाचं नाव घेऊन मोकळा होतो. अनोळखी चित्रासमोर ती पळवाट बंद असते.

हार्वर्डच्या कला-इतिहासकार जेनिफर रॉबर्ट्स विद्यार्थ्यांना एकाच चित्रासमोर सलग तीन तास बसवतात. जॉन सिंगल्टन कोपलीने १७६५ मध्ये रंगवलेल्या खारीसोबतच्या मुलाच्या चित्राबद्दल त्यांनी स्वतःची नोंद दिली आहे: मुलाच्या कानाचा आकार खारीच्या पोटावरच्या लवीशी जुळतो हे लक्षात यायला नऊ मिनिटं लागली, आणि साखळी धरलेल्या बोटांमधलं अंतर खालच्या पेल्याच्या व्यासाइतकंच आहे हे कळायला एकवीस. नऊ मिनिटं! उद्घाटनाच्या दिवशी एका चित्रासमोर नऊ मिनिटं उभं राहिलं तर मागचे लोक खाकरायला लागतील. आपल्याकडचा दाखला हवा असेल तर १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांत बसून ज्या प्रतिकृती केल्या, त्या आठवाव्यात. त्यांतल्या बऱ्याच लंडनला पाठवल्या गेल्या आणि तिथल्या आगीत गेल्या. पण भिंतीसमोर बसून रेष पुन्हा काढणारा हात तयार झाला तो झालाच.

इंटरनेटवर सगळं दिसतं, मग दालन कशाला, या युक्तिवादाला फार वेळ द्यायची गरज नाही. पडद्यावर दोन बोटांचं लघुचित्र आणि दोन मजली भित्तिचित्र एकाच मापाचं दिसतं. ज्याला तेवढंच पुरतं त्याला अॅनाटॉमीच्या टेबलाऐवजी अॅनाटॉमीचं ॲपही पुरायला हवं.

जड आहे तो विद्यार्थी-कलावंतांचा आक्षेप. दोनच प्रदर्शनं म्हणजे आमच्या वाट्याला भिंत कधी? नव्याने काम करणाऱ्याला लोकांसमोर जाण्याची पहिली संधी विद्यापीठाने नाही द्यायची तर कोणी द्यायची? हे म्हणणं मी पूर्ण मान्य करतो, आणि म्हणूनच पदवी-प्रदर्शन हंगामाच्या शेपटाला टांगलेलं नको, त्याला स्वतःचे चार आठवडे हवेत: दोन तुकड्या, प्रत्येकी दोन आठवडे. मांडणीची सगळी कामं, मोजमापापासून लेबलपर्यंत, विद्यार्थ्यांनी करावीत. लेबल साठ-सत्तर शब्दांच्या आत; त्यापलीकडे माणूस वाचतो कमी आणि गर्दी करतो जास्त. आवाज असलेली दोन व्हिडिओ-कामं शेजारी ठेवू नयेत, पातळ पार्टिशनमधून एकमेकांत मिसळून दोन्ही वाया जातात. ही चूक दरवर्षी होते आणि उद्घाटनाच्या तासभर आधी लक्षात येते. वर्षभर लहान कामांसाठी दालनाबाहेरचा व्हरांडा, विभागाचे मार्गिका-फलक मोकळे ठेवावेत. तिथे आठवड्याला काम बदललं तरी कोणाचं काही अडत नाही.

याच ठिकाणी एक गोष्ट काटेकोरपणे पाळली पाहिजे: परीक्षेसाठीची मांडणी आणि जाहीर प्रदर्शन यांची तारीख आणि दार वेगळं असावं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललितकला शाखेत मे २००७ मध्ये परीक्षेसाठी लावलेल्या कामांवरून बाहेरच्या लोकांनी येऊन गोंधळ घातला, विद्यार्थ्याला अटक झाली आणि त्याच्या बाजूने उभे राहिलेले प्रभारी अधिष्ठाता निलंबित झाले. अशा प्रसंगी विद्यापीठाने कोणाची पाठराखण करायची हा प्रश्न दारं वेगळी केल्याने सुटत नाही. पण अजून तपासली न गेलेली उत्तरपत्रिका जशी चौकात टांगत नाहीत, तसंच हेही.

कार्यक्रमांच्या विरोधात मी नाही. ते चुकीच्या दिवशी होतात एवढंच. मुख्य व्याख्यान उद्घाटनाला ठेवलं की ऐकणाऱ्यांपैकी कोणीच कामं पाहिलेली नसतात. ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ठेवावं. दुसऱ्या आठवड्यापासून दहाव्यापर्यंत वर्ग: एका वेळी पंधराच्या वर विद्यार्थी नकोत, एका तासाला तीन-चार कामं पुष्कळ झाली, नोंदींना फक्त पेन्सिल, आणि दप्तरं बाहेर, कारण चित्राला लागलेले धक्के बरेचदा पाठीवरच्या पिशवीचे असतात. सहाव्या आठवड्याचा बदल उघड्यावर करावा. कामं उतरवताना, तपासताना, फ्रेम उघडताना बघायला लोक हौसेने येतात, आणि कागदाच्या मागच्या बाजूला काय काय लिहिलेलं असतं ते पहिल्यांदाच बघतात.

या सगळ्याला पैशापेक्षा लागते ती आगाऊ तारीख. दुसऱ्या संस्थेकडून काम उसनं हवं तर विनंतीपत्र निदान सहा महिने आणि शक्यतो वर्षभर आधी जायला हवं. ती संस्था तुमच्या दालनातलं तापमान, आर्द्रता, पहारा, अग्निशमन यांचा अहवाल मागते आणि तो तयार नसेल तर पत्रव्यवहार तिथेच थांबतो. म्हणजे पुढच्या वर्षीच्या सत्राचं प्रदर्शन या वर्षीच वेळापत्रक समितीपुढे यायला हवं, विभागप्रमुख अजून विषय आणि तास ठरवत असताना. आज ते येतं सत्र सुरू झाल्यावर, छापलेल्या निमंत्रणपत्रिकेच्या रूपात, आणि तोवर भूगोलाच्या प्राध्यापकाचे सगळे तास भरलेले असतात.